थंडी वाजते, असं तोंडाने सांगायचं

मी भांडकुदळ आहे हे आमच्या सासरी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ठरलं, आणि मी ते कधी नाकारलं नाही. लग्नाआधी साताऱ्याला सहा वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसत होते. मवाळ माणसाचा कागद ढिगाच्या तळाशी जातो आणि डोक्यावर येऊन उभं राहणाऱ्याचा वर येतो, हे तिथे रोज बघत होते. अमेरिकेत आल्यावर वाटलं, हा सगळा अनुभव आता पाण्यात. इथे म्हणे सगळं सिस्टिमने चालतं. मिशिगनमध्ये, ट्रॉयजवळच्या एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये आम्ही राहायचो. आमचे हे सकाळी गाडी घेऊन ऑफिसला गेले की मी खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसायचे. भांडायला माणूस नाही, मग करायचं काय?

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. गाड्यांचे कारखाने एकामागून एक माणसं कमी करत होते. ‘ले-ऑफ’ हा शब्द तेव्हा आमच्याकडे सर्दी-खोकल्याइतका घरोघरी झाला होता. आमच्या कॉम्प्लेक्सचा पार्किंग लॉट पूर्वी सकाळी आठला रिकामा व्हायचा, तो दुपारी बारालाही भरलेला दिसायला लागला. हिवाळा तर काही ले-ऑफ बघून थांबत नाही. प्रत्येक घराचा गॅसचा मीटर वेगळा, हीटिंग त्या गॅसवर, आणि बिल ज्याचं त्याने भरायचं. डिसेंबर उजाडला तशी लोकांनी खिडक्यांना आतून प्लॅस्टिक चिकटवायला सुरुवात केली.

भिंतीवर चिकटवलेला प्रत्येक कागद वाचायची मला कचेरीतली खोड. तळघरातल्या लाँड्री रूममध्ये, कुणाच्या तरी जुन्या सोफ्याच्या जाहिरातीखाली अर्धा झाकलेला एक कागद होता. हीटिंगचं बिल भरणं जड जात असेल तर काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसात अर्ज करा, मदत मिळते, असं त्यावर लिहिलेलं. मी सोफा बाजूला सारला, म्हणजे जाहिरात, आणि तो कागद वर लावला. मग मनात आलं, नुसता लावून कोण वाचणार? तो काढून घेऊन सरळ समोरच्या दाराची बेल दाबली.

समोर एक अमेरिकन म्हातारी एकटी राहायची. नवरा कारखान्यात होता, तो वारलेला. घरात अंगावर गाउन, त्यावर दोन स्वेटर आणि त्यावर नवऱ्याचा कोट. मी तिच्या टेबलाशी बसून अर्ज भरला, कागद जोडले आणि स्वतः ऑफिसात नेऊन दिला. चार दिवसांनी ऑफिसची केसवर्कर घर बघायला आली. वीस-बावीसची मुलगी, लाल मफलर, हातात क्लिपबोर्ड. मी हजर होतेच. म्हातारीने तिला आत घेतलं ते तक्रार करतच. खिडकीला हात लावायला लावला, बाथरूमची फरशी दाखवली, मग आपला बर्फासारखा हात त्या पोरीच्या गालाला लावला आणि म्हणाली, ‘‘आता सांग.’’ तासभर बोलत होती बाई. चहापाण्याचं नावसुद्धा नाही. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आलेल्या माणसाशी असं वागतात का? पण आठवड्यात अर्ज मंजूर झाला. म्हातारीने मला एक आख्खा ॲपल पाय आणून दिला आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

पंधरा दिवसांत मी तीन घरांचे अर्ज भरले आणि तिन्ही पास झाले. आमचे हे मला ‘तहसीलदारीणबाई’ म्हणायला लागले. म्हणा म्हटलं. सहा वर्षांची नोकरी कुठेतरी उगवली होती.

आमच्या बरोबर डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये नागपूरचं एक जोडपं होतं. तो ड्राफ्ट्समन, उन्हाळ्यातच ले-ऑफ झालेला. तिला आठवा महिना चाललेला, पहिलटकरीण. मला ताई म्हणायची. माहेरून आई येणार होती बाळंतपणाला, पण तिकिटाचं जमेना म्हणून ते रद्द झालं होतं. मी विचारायचे, ‘‘काय गं, बरं आहे ना?’’ आणि ती दर वेळी हसून सांगायची, ‘‘मजेत आहो ताई.’’ मी मूर्ख, मला ते पटायचंसुद्धा.

एके दिवशी सकाळी डाळीच्या फोडणीला हिंग मागायला म्हणून मी वर गेले. तिने दार उघडलं तर अंगावर साडी, साडीवर नवऱ्याचा जाड कोट, पायात दोन-दोन मोजे. आत बोलताना तोंडातून वाफ निघत होती. स्वयंपाकघरात ओव्हनचं दार उघडं टाकून तिने त्याच्यासमोर खुर्ची ओढली होती, आणि तिथे बसून ती बाळाची दुपटी शिवत होती. थर्मोस्टॅट पंचावन्न फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या तेरा डिग्रीवर. टेबलावर गॅस कंपनीची लाल नोटीस. पुढच्या शुक्रवारपर्यंत बिल भरलं नाही तर गॅस बंद.

मी हिंग विसरले. म्हटलं, ‘‘अगं, हे काय चाललंय?’’

तेव्हा ती रडली. स्वतःसाठी नव्हे. म्हणाली, ‘‘ताई, आई सांगे, लेकराला सव्वा महिना रोज तेल लावाचं, उघडं ठेवून, मग कढत पाण्यानं न्हाऊ घालाचं. या घरात मी लेकराचे कपडे काढू कशी?’’

ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या नवऱ्याला बोलावलं. तो बेडरूममध्ये नोकरीचे अर्ज टाइप करत होता, बोटं कापलेले हातमोजे घालून. मी काउंटीच्या मदतीचं काढलं तर मान खाली घालून म्हणाला, ‘‘नाही ताई. आम्ही इथे हात पसरायला नाही आलो.’’

‘‘हात कसले पसरताय?’’ मी म्हटलं. ‘‘सात वर्षं पगारातून टॅक्स कापून घेतला ना त्यांनी? तेव्हा त्यांनी हात पसरले होते असं समजा.’’

ग्रीन कार्डला धक्का लागेल, अशीही त्याला भीती होती. मी तिथूनच ऑफिसला फोन लावला आणि विचारून घेतलं. तसं काही नव्हतं. शेवटी त्याने सही केली, पण माझ्याकडे न बघता. अर्जावर ‘अर्जंट’ असं लिहून मी तो दुपारीच देऊन आले, आणि सोमवारी सकाळी केसवर्कर येणार असं ठरवूनच उठले.

आता पुढचं सांगायला आजही मला लाज वाटते.

सोमवारी ऑफिसची बाई येणार. आपल्या माणसांच्या घरी येणार. समोरच्या म्हातारीने जो तमाशा केला तो आपल्याकडे होता कामा नये, असं मी मनाशी पक्कं केलं. आम्ही कोण, कसे, हे तिला दिसलं पाहिजे. रविवारी वर जाऊन मी घर लख्ख केलं. ओव्हनसमोरची खुर्ची जागेवर, कोट कपाटात. सोमवारी सकाळी सातलाच आमचे दोन इलेक्ट्रिक हीटर वर नेले आणि पूर्ण सोडले, कारण पाहुण्या माणसाला गारठ्यात बसवायचं म्हणजे काय? बटाटेवडे तळले. माझा चांगला टी-सेट नेला. तिला माझी मोरपिशी सिल्कची साडी नेसवली, माझ्याच पाटल्या हातात चढवल्या, केसात वेणी नाही तर निदान एक कापडी फूल. ती म्हणाली, ‘‘काहून एवढा त्रास ताई?’’ मी म्हटलं, ‘‘तू गप्प बस.’’

लाल मफलरवाली मुलगी आली. दहा मिनिटांत तिने मफलर काढला, मग कोट काढला. तीन वडे खाल्ले. सगळीकडे बघून छान-छान म्हणाली. मग क्लिपबोर्ड घेऊन विचारलं, ‘‘घरात थंडी वाजते का?’’

आणि आमची ही बया, सवयीने, हसून म्हणाली, ‘‘नो नो. वी आर फाइन.’’

नवराही म्हणाला, ‘‘वी आर मॅनेजिंग.’’ आणि मी, आवक-जावकची हुशार कारकून, मी काय केलं? तिला चौथा वडा वाढला.

बुधवारी पत्र आलं. घर पुरेसं उबदार आहे, तातडीची गरज दिसत नाही, अर्ज नामंजूर. खाली बारीक अक्षरात, मान्य नसेल तर ऑफिसात येऊन हिअरिंग, म्हणजे सुनावणी, मागता येईल.

आधी मी त्या मुलीच्या नावाने बोटं मोडली. आमचे वडे खाऊन आमच्यावरच उलटली, कृतघ्न कुठली. आमचे हे जेवत होते. ते शांतपणे म्हणाले, ‘‘तिने जे पाहिलं तेच लिहिलं. दाखवलं कुणी?’’ मी ताटावरून उठले. राग आला होता तो त्यांचा नव्हता, माझा मलाच आला होता. गॅस शुक्रवारी तुटणार होता आणि तो मी तोडला होता.

गुरुवारी सकाळी यांना ऑफिसला सोडून गाडी ठेवून घेतली आणि मी त्या दोघांना गाडीत घातलं. तो यायला तयार नव्हता. म्हणाला, ‘‘एकदा झाली तेवढी शोभा पुरे.’’ मी म्हटलं, ‘‘शोभा मी केली, निस्तरायला पण मीच येतेय. तुम्ही फक्त बसा.’’ बर्फ पडत होता, रस्ता दिसत नव्हता, आणि मला गाडी चालवायला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पोचलो.

ऑफिस एका बंद पडलेल्या शाळेत होतं. आम्हाला एका वर्गात बसवलं. सुपरवायझर म्हणजे साठीची एक काळी बाई, चष्मा साखळीला लावलेला, आवाज खालचा. शेजारी लाल मफलरवाली, तिचा चेहरा उतरलेला. मी वाटेत भाषण पाठ केलं होतं. नियम, तारखा, हक्क, सगळं. तोंड उघडलं आणि काय झालं कुणास ठाऊक, पहिलं वाक्य भलतंच निघालं.

म्हटलं, ‘‘ते हीटर माझे होते.’’

मग सगळंच सांगितलं. साडी माझी, पाटल्या माझ्या, कपबशा माझ्या, वडे मी तळले. आमच्यात घरी कुणी आलं की आपली अडचण आधी कपाटात जाते आणि मग दार उघडतं. घरात काही नसलं तर शेजारणीकडून आणतात, पण पाहुण्याला कळू देत नाहीत. तुमची मुलगी खोटं बोलली नाही. मी तिला खोटं घर दाखवलं. चूक माझी आहे, शिक्षा या पोरीला नको. जन्मात कुठल्या कचेरीत मी ‘चूक माझी’ म्हणाले नव्हते.

सुपरवायझरने चष्मा काढला. मग म्हणाली, ‘‘माझी आई अलाबामाची. पाद्री येणार म्हटलं की आमच्या घरात नसलेली कोंबडी शिजायची.’’ आणि हसली. पण लगेच ती आमच्या नागपूरकरणीकडे वळली. ‘‘मला आता तुमच्या तोंडून ऐकायचंय. घरात थंडी आहे का?’’

मी तोंड उघडलं. तिने पेन वर केलं. ‘‘तुम्ही नाही.’’

ही पोर मांडीवरच्या पर्सचा पट्टा पिळत होती. मग हळूच म्हणाली, ‘‘इट इज ओके.’’

मी डोळे मिटून घेतले. संपलं, वाटलं.

सुपरवायझरने पेन खाली ठेवलं आणि वाट बघत बसली. मग माझ्या शेजारून आवाज आला. त्या आवाजात हसू नव्हतं, आणि तिचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

‘‘नो,’’ ती म्हणाली. ‘‘इट इज नॉट ओके.’’

मोडक्या इंग्रजीत, थांबत थांबत, तिने सगळं सांगितलं. कोट घालून झोपते. पहाटे बोटं वाकत नाहीत. ओव्हन पेटवून बसते तेव्हा भीती वाटते, पण बसते. दर आठवड्याला आईला पत्र लिहिते, घर खूप गरम आहे, काळजी करू नको. ‘‘मी सगळ्यांना ओके सांगते,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या बाळाला ओके सांगू शकत नाही. मला थंडी वाजते. खूप थंडी वाजते.’’

तिचा नवरा बुटांकडे बघत होता. त्याने मान वर केली आणि सुपरवायझरला म्हणाला, ‘‘ती खरं बोलतेय. हे मी सांगायला पाहिजे होतं.’’ आणि तिचा हात धरला. चारचौघांत, माझ्यासमोर. आमच्या पिढीत असं कुणी करत नसे.

मला हुंदका आला. लाल मफलरवालीनेही नाक पुसलं. सुपरवायझर तेवढी कोरडी. ती त्या मुलीला म्हणाली, ‘‘आत्ता जा. यांच्या मागोमाग गाडी ने. कुणी कुणाला फोन करायचा नाही.’’

आम्ही पुढे, ती मागे. घरात शिरल्यावर तिने थर्मोस्टॅट पाहिला, खिडकीच्या आतल्या बाजूला धरलेला बर्फ नखाने खरवडला, ओव्हनसमोरची खुर्ची पाहिली. कोट काढला नाही. एवढ्यात माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, आमची ही स्वयंपाकघराकडे निघालीय. हात पातेल्याकडे. मी तिचा दंड धरला आणि कानात म्हटलं, ‘‘बस खाली. आज पाणीसुद्धा विचारायचं नाही.’’

ती बसली. पोटावर हात ठेवून, कोट घालून, चहा न विचारता. तिला किती जड गेलं ते मीच जाणे.

त्या मुलीने तिथूनच फोन लावला. आधी ऑफिसला, मग गॅस कंपनीला. शुक्रवारची तोडणी रद्द झाली. थकलेलं बिल काउंटी भरणार, आणि पुढे हिवाळाभर मदत. फोन ठेवून तिने स्वतः थर्मोस्टॅटची काडी वर ढकलली. फरशीतल्या जाळीतून धुळीचा वास आला आणि मग गरम हवा. आम्ही चौघं त्या जाळीभोवती उभे राहिलो. मग मीच म्हटलं, ‘‘झालं ना?’’ आणि जिना उतरून खाली आले, दार लावलं आणि स्वयंपाकघरात एकटीच नाचले. खोटं कशाला सांगू, फुगडीची गिरकी घेतली, टेबलाला कमरेत धडक बसली तरी घेतली.

त्या हिवाळ्यात आमचं जेवणाचं टेबल म्हणजे कचेरी झालं. गुजराती आले, पोलिश आले, कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम केलेले आडदांड गोरे बाप्ये टोपी हातात घेऊन आले. अर्ज भरायच्या आधी मी एकच विचारायचे, केसवर्कर आली की तुम्ही काय करणार? कुणी म्हणायचं घर आवरणार, कुणी म्हणायचं मुलांना चांगले कपडे घालणार. म्हणजे मी समजत होते तसं हे आपल्याच लोकांचं वेड नव्हतं. आपण फक्त त्यात बटाटेवडे घातले होते. मी दटावून सांगायचे, काही आवरायचं नाही, रोज राहता तसं राहायचं, आणि विचारलं की तोंडाने सांगायचं. काही जण माझ्या टेबलाशी बसून चक्क प्रॅक्टिस करायचे. सहा फुटी माणूस, मान खाली घालून, ‘‘मॅम, वी आर कोल्ड.’’ मी म्हणायचे, ‘‘मोठ्याने.’’

जानेवारीत वरच्या घरी मुलगी झाली. हॉस्पिटलातून तिसऱ्या दिवशी घरी आणली तेव्हा बाहेर शून्याखाली, गाडीचं दार उघडेना इतकं गोठलेलं. बाळंतिणीची आई नागपुरात, म्हणून तेल लावायला मी बसले. जमिनीवर चटई, पाय लांब केले, पोरीला पायांवर घेतलं. कपडे काढताना माझेच हात थबकले. दुपटं सोडलं, झबलं काढलं, लंगोट काढला. पोर उघडी पडली. मी वाट बघत होते की आता कुडकुडेल, आता रडेल. तिने हातपाय ताणले, जांभई दिली आणि माझ्या साडीवर शू केली.

मी हसत सुटले. तिच्या आईला दाखवावं म्हणून मान वर केली, तर ती बिछान्यावर गाढ झोपली होती. कोट नाही, मोजे नाहीत. झोपेतच तिला उकडलं असावं, कारण तिने पांघरूण पायाने लाथाडून खाली टाकलं होतं. मी सवयीने ते उचलून तिच्या अंगावर घालायला हात पुढे केला, आणि नाही घातलं.